पोळ्या, चिंचोके आणि दहाची नोट

मी पहिली-दुसरीच्या वर्गाला शिकवते. "बाई, घरी बेरजेचा सराव कसा घ्यायचा?" असं पालक हमखास विचारतात. वहीतली उदाहरणं शाळेत होतातच. घरी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही खरोखर हवं आहे.

पोळ्यांपासून सुरुवात करा. "आजोबांना दोन, मला तीन, तुला दोन. किती लाटू?" मूल बोटं मोजेल, मोजू द्या. लक्ष दुसरीकडे ठेवा: ७ आणि २ मिळवताना ते पुन्हा एकपासून मोजतंय का? तसं असेल तर सात मनात धरायला सांगा आणि पुढे दोनच बोटं: आठ, नऊ. मग उलटं विचारा, २ आणि ७. मोठी संख्या मनात, लहान बोटांवर, हे त्याचं त्याला सुचलं पाहिजे.

पुढे दहाच्या जोड्या. दहा चिंचोके घ्या, काही मुठीत लपवा. बाहेर सहा दिसतात, मग मुठीत किती? जेवणाआधी दोन-तीन डाव पुरतात. ६-४, ७-३, ८-२ पटापट यायला लागेपर्यंत घाई करू नका, कारण हातचा यावरच उभा आहे.

हातच्यासाठी दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढून ठेवा. समजा मेथीची जुडी १८ रुपयांना आणि पालकाची १५ ला. एका जुडीसमोर एक नोट आणि आठ नाणी, दुसरीसमोर एक नोट आणि पाच नाणी. आता नाणी एकत्र केली की तेरा. त्यातली दहा तुम्ही घ्या आणि बदल्यात एक नोट द्या. मूल ती नोट आपोआप नोटांच्या ढिगात ठेवतं. तोच हातचा! तीन नोटा, तीन नाणी, ३३ रुपये. वहीत १८ आणि १५ ची बेरीज २१३ लिहिणाऱ्या मुलाला "चुकलं" म्हणू नका. "दोन जुड्यांना दोनशेच्या वर पैसे द्यायचे का?" एवढंच विचारा, आणि नोटा-नाणी पुन्हा मांडू द्या.

हे जमलं की आठवडी बाजारात न्या. गर्दी नसेल अशा वेळी जा आणि भाजीवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या हिशेब लगेच बोलून दाखवणार नाहीत. पैसे मुलाच्याच हातून द्या. फोनवरून दिलेल्या पैशांत मुलाला नोट दिसत नाही की नाणं, तेव्हा त्या दिवशी सुटे न्याच.

तीन वस्तू झाल्या तर जोडी शोधायला लावा. लिंबं ७ ची, मिरच्या ८ च्या, कढीपत्ता ३ चा: आधी सात आणि तीन, मग आठ.