गोड्या पाण्याच्या फिशटँकमध्ये समुद्राचे शिंपले कसे ठेवाल?

मे महिन्यात चोर्ला घाट उतरून गोव्याला किंवा आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला गेलेलं बेळगावचं कुटुंब येताना पिशवीभर शिंपले आणतंच. घरी फिशटँक असेल तर ते त्यात टाकायची मुलांना घाई होते. टाका, पण शिंपला म्हणजे दगड नव्हे, चुना. कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना काढत. टाकीत तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं, म्हणजे त्यात क्षार वाढतात, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, वर सरकतो. पाणी जितकं हलकं आणि आम्लधर्मी, तितका तो लवकर विरघळतो.

म्हणून आधी आपलं पाणी ओळखा. शहरात नळाला राकसकोप-हिडकलचं पाणी येतं, खेड्यात कुणाची विहीर, कुणाची बोअर. तूरडाळ शिजायला वेळ घेते, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तर पाणी जड समजा. तिथे शिंपल्यांनी फारसं बिघडत नाही. तरी अंदाजावर न थांबता मत्स्यालयाच्या दुकानातून पीएच आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) मोजायचे थेंब आणाच.

मग मासे बघा. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस हलक्या पाण्यातले, त्यांच्या टाकीत शिंपले नकोत. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात मात्र काही छोटे सिक्लिड रिकाम्या शंखांतच राहतात, अंडीही तिथेच घालतात. ते पाळणाऱ्याने शंख ठेवायलाच हवेत.

किनाऱ्यावरून रिकामेच शिंपले उचला. शंखात खेकडा शिरलेला असला तर तो तिथेच सोडा. नॉटिलस, जायंट क्लॅम आणि पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हात लावू नका. दुकानातले रंगवलेले, वॉर्निश मारलेले शंखही टाकीत घालू नका.

खरी मेहनत साफ करण्यात आहे. बादलीत गोड्या पाण्यात तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. जुन्या टूथब्रशने घासा, साबण अजिबात नको. मग पातेल्यात गार पाण्यातच घालून गॅसवर ठेवा, दहा मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यात निवू द्या. एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर पातळ शिंपले तडकतात. शेवटी प्रत्येक शंख नाकाशी धरून वास घ्या. आतल्या वळणात मांस राहिलं असेल तर कळतंच, आणि असा शंख टाकून द्यावा. ते मांस टाकीत कुजलं की अमोनिया तयार होतो. पीएच जितका जास्त, तितका अमोनिया माशांना जास्त विषारी, आणि पीएच तर शिंपलाच वाढवत असतो.

आता बादलीची चाचणी. टाकीत वापरता तेच पाणी दोन बादल्यांत घ्या, एकीत धुतलेले शिंपले ठेवा. आठवड्याने दोन्हींचा पीएच मोजा, फरक पडत असेल तर समोर दिसेल.

टाकीत मांडण्यापूर्वी कडांवरून जुन्या ओढणीचा तुकडा फिरवा. धागा अडकला तर माशाचा परही फाटेल, ती कड पॉलिश पेपरने घासून घ्या. निमुळत्या शंखांबाबत माझा अनुभव वाईट आहे. मॉलीचं एक पिल्लू आत डोकं घालून अडकलं, त्याला मागे सरता आलं नाही. मला दुसऱ्या दिवशी दिसलं तेव्हा ते मेलेलं होतं. तेव्हापासून मी अशा शंखांच्या तोंडात वाळू ठासून भरते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. तिथे दोन-तीन शिंपल्यांपासून सुरुवात करा. दोन आठवडे एक दिवसाआड पीएच मोजा. अर्ध्या अंकाहून जास्त चढला तर एक शिंपला कमी करा. जड झालेल्या टाकीत एकदम निम्मं हलकं पाणी ओतलं तर माशांना धक्का बसतो, म्हणून एका वेळी पाव टाकीच बदला. पावसाळ्यात विहिरीचं पाणी बदलतं, तेव्हा जून-जुलैत पुन्हा मोजून घ्या.

काही महिन्यांनी शिंपल्यावर हिरवट थर आला तर काढून घासा आणि उकळा. चकाकी जाऊन तो हाताला खडूसारखा लागू लागला तर चांगलाच विरघळतोय, त्याच दिवशी पीएच बघा.