रोमन नाण्यावरची टाकसाळ कशी ओळखायची

आपल्या रुपयाच्या नाण्यावर सालाखाली छोटा हिरा दिसला की मुंबई, चांदणी असली की हैदराबाद, ठिपका असला की नोएडा, काहीच नसलं की कोलकाता, हे नाणी जमवणाऱ्या कुणालाही पाठ असतं. रोमन नाण्यांचंही तसंच, फक्त तिथे अक्षरं असतात आणि त्यातली निम्मी झिजलेली.

आधीच सांगतो, ऑगस्टस किंवा टायबेरियस या पहिल्या दोन रोमन सम्राटांचं चांदीचं नाणं असेल, म्हणजे दक्षिण भारतात जी भरपूर सापडलीत ती, तर त्यावर टाकसाळीचं अक्षर शोधत बसू नका, तेव्हा ती पद्धतच नव्हती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात तुरळक सुरुवात झाली आणि २९४ च्या सुमारास सम्राट डायोक्लिशियनने चलन सुधारलं तेव्हापासून सगळीकडे नीट खुणा यायला लागल्या. त्यामुळे हे सगळं मुख्यतः चौथ्या शतकातल्या छोट्या तांब्याच्या नाण्यांसाठी.

राजाचा चेहरा सोडा, मागची बाजू बघा. चित्रातल्या माणसांच्या पायाखाली एक आडवी रेघ असते, तिच्या खालच्या चिंचोळ्या जागेला एक्झर्ग म्हणतात, खूण तिथे. मोबाईलचा टॉर्च वरून मारू नका, टेबलाच्या पातळीवर आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा, सपाट वाटणारी अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. आणि हो, चिंच-लिंबू लावून घासायचं नाही म्हणजे नाही! वरचा हिरवट थर गेला की त्याच्यासोबत अक्षरंही जातात.

आता वाचायचं कसं. खुणेत साधारण तीन तुकडे असतात: सुरुवातीला कधी एस-एम (सॅक्रा मोनेटा, म्हणजे शाही चलन), मग शहराचं आखूड नाव, आणि शेवटी किंवा सुरुवातीला एक अक्षर त्या टाकसाळीतल्या कारखान्याचं. हे कारखान्याचं अक्षर लॅटिन असेल तर पी, एस, टी, क्यू म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि ग्रीक असेल तर अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. उदाहरणार्थ एस-एम-ए-एन-टी आणि शेवटी बीटा, म्हणजे अँटिऑक, दुसरा कारखाना. टी-आर-पी म्हणजे ट्रिअर, पहिला. नुसतं टी-टी दिसलं तर गोंधळू नका, टिकिनम (आजचं इटलीतलं पाव्हिया), तिसरा कारखाना.

माझी स्वतःची फजिती सांगतो. दोन सैनिक आणि मध्ये झेंडा असलेलं एक नाणं माझ्याकडे आहे, खाली सी-ओ-एन-एस-टी वाचलं आणि खुशाल पाकिटावर कॉन्स्टॅन्टिनोपल लिहून टाकलं, कित्येक महिने तसंच होतं. नंतर आडव्या उजेडात बघितलं तर सुरुवातीला पुसटसा पी होता! पी-कॉन्स्ट म्हणजे फ्रान्समधलं आर्ल. त्या शहराला सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळात काही वर्षं कॉन्स्टन्टिना नाव दिलं होतं, ३४० मध्ये ते गेलं, ३५३ पासून परत आलं. तेव्हा लक्षात ठेवा, या तांब्याच्या नाण्यांवर लॅटिन अक्षर सुरुवातीला असेल तर आर्ल, आणि कॉन्स लिहून शेवटी ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टॅन्टिनोपल. पण हा नियम या दोघांपुरताच हं, क्रोएशियातल्या सिस्कियाच्या टाकसाळीने ग्रीक अक्षर सुरुवातीलाच लावलंय.

दुसरा घोळ एच आणि एन चा. एस-एम-एच हेराक्लिया, एस-एम-एन निकोमिडिया, आणि झिजल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मधली रेघ सरळ की तिरकी एवढाच फरक. तेही दिसत नसेल तर सरळ प्रश्नचिन्ह लिहा, अंदाजपंचे नाव टाकण्यापेक्षा ते बरं.

अक्षरं अर्धीच उमटली असतील तर साल कामाला येतं. लंडनची टाकसाळ ३२५ च्या आसपास बंद झाली, कॉन्स्टॅन्टिनोपलची ३२६ च्या सुमारास सुरू झाली. ते सैनिक-झेंडेवालं चित्र साधारण ३३० पासूनचं, म्हणजे त्यावर एल वाचून कुणी लंडन म्हणालं तर ते शक्यच नाही, फ्रान्समधलं ल्योन म्हणून बघा. आणि डायोक्लिशियनच्या नाण्यावर कॉन्स वाचलंत तर परत वाचा, तो कॉन्स्टॅन्टिनोपलच्या टाकसाळीच्या आधीचा.

सोन्याचं नाणं हाती लागायची शक्यता कमी, तरी सांगून ठेवतो, कॉन-ओ-बी मधलं ओ-बी हे शहर नाही. ओब्रिझम म्हणजे शुद्ध सोनं, आणि गंमत म्हणजे ग्रीक आकड्यांत ओ-बी म्हणजे ७२, एका रोमन पौंडातून बरोबर ७२ सॉलिडस (म्हणजे हीच सोन्याची नाणी) पाडायचे. सी-ओ-एम-ओ-बी दिसलं तर तेही शहराचं नाव नाही, अशा वेळी टाकसाळ बहुतेक वेळा चित्राच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत असते, एम-डी म्हणजे मिलान, आर-व्ही म्हणजे राव्हेना.