सोलापुरात सरकारी पाळणाघर: आधी तास मोजा, मग अर्ज करा

सगळ्यात मोठी गल्लत अंगणवाडी आणि पाळणाघर एकच समजण्यात होते. साध्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात, गरम आहार खातात आणि घरी जातात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, त्याला दिवसभर सांभाळणं हे त्या अंगणवाडीचं काम नाही. अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला किंवा पॅकिंगला जाणाऱ्या बाईचं यावर भागत नाही. तिला लागते ती 'पाळणा' योजनेतली अंगणवाडी-सह-पाळणाघर. चौकशी करताना हेच शब्द वापरा. नुसतं "बाळाला ठेवता येईल का" असं विचारलंत तर जवळच्या अंगणवाडीचं नाव सांगून तुमची बोळवण होईल.

पाळणा ही केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमातली योजना. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं २०२२ मध्ये हे नवं रूप झालं. मूल सहा महिने ते सहा वर्षांचं असावं लागतं. पाळणाघर महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास चालतं आणि एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुलं घेतात. आई नोकरीलाच असली पाहिजे अशी अट नाही, आणि सोलापुरात हे फार महत्त्वाचं आहे. पूर्व भागात घरी बसून विडी वळणाऱ्या बाईकडे ना नियुक्तिपत्र असतं ना पगाराची पावती. तरी तिचं मूल पाळणाघरात बसू शकतं. बसलेलंच बरं, कारण तंबाखूची धूळ आणि पानं कापायची कात्री रांगत्या मुलाच्या हाताशी असणं धोक्याचंच.

साडेसात तासांचा हिशोब

अर्जाआधी हा हिशोब कागदावर मांडा. आठ तासांची पाळी, अर्धा तास जेवणाची सुट्टी आणि जाण्यायेण्याला अर्धा-अर्धा तास धरला तर साडेनऊ तास झाले. पाळणाघर साडेसात तास. म्हणजे रोज दोन तासांची फट राहते, आणि ती कोण भरणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं हवं. आजी, जाऊबाई, शेजारीण किंवा मुलाचा बाप, कोणीही चालेल, पण दोन माणसं नक्की ठरवा आणि दोघांचे फोटो, नाव, मोबाईल नंबर सेविकेकडे देऊन ठेवा. नोंद नसलेल्या माणसाच्या हाती मूल सोपवत नाहीत, सोपवूही नये. "आज माझा भाऊ येईल" असा फोन आयत्या वेळी केला तर सेविका अडून बसते. त्यावर चिडू नका, तिचं बरोबर आहे.

बारा तासांच्या पाळीवर काम करणाऱ्यांचं एकट्या पाळणाघरावर निभत नाही. तिथे मालकाशी पाळीबद्दल बोलावं लागतं किंवा घरातल्या दोघांच्या पाळ्या मागेपुढे लावाव्या लागतात. घरी विडी वळणारीला मात्र साडेसात तास पुरतात. कारखान्यात विड्या देऊन पान-तंबाखू आणायची वेळ पाळणाघराच्या वेळेत बसवली की झालं.

सुट्ट्यांचाही हिशोब आधीच विचारा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, मे महिन्यात कर्मचाऱ्यांच्या सुट्ट्या, उन्हाळ्यात बदलणाऱ्या वेळा, यातलं काहीही परस्पर गृहीत धरू नका.

चौकशी कुठे, अर्ज कसा

घराजवळच्या अंगणवाडी सेविकेकडून तिच्या वरच्या मुख्य सेविकेचं नाव आणि प्रकल्प कार्यालयाचा पत्ता घ्या. शहर हद्दीत नागरी बाल विकास प्रकल्प असतो आणि ग्रामीण भागात तालुक्याचा. कुंभारीकडच्या कामगार वसाहतीतले बरेचजण शहरातल्या कार्यालयात खेटे घालतात, पण कुंभारी गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं. आपला पत्ता कोणत्या प्रकल्पात मोडतो हे आधी पक्कं करा, नाहीतर एक दिवसाची मजुरी फुकट जाते.

अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, साध्या कागदावर चालतो. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापांचं काम, कामाची वेळ "सकाळी इतक्यापासून संध्याकाळी इतक्यापर्यंत" अशी स्पष्ट, आणि सोयीची दोन केंद्रं लिहा: एक घराजवळचं, एक कामाजवळचं. सोबत मुलाचा जन्म दाखला, आईचं आणि मुलाचं आधार असल्यास त्याच्या प्रती, लसीकरणाची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि फोटो जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह शिक्का घ्या. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. जागा २५च असल्यामुळे पुढे "तुमचा नंबर कितवा" हे विचारायला तीच तारीख कामाला येते.

मूल आधीच एखाद्या अंगणवाडीत नोंदवलेलं असेल तर पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीतल्या मुलांची नोंद ठेवणारं सरकारी ॲप) ती नोंद नव्या केंद्राकडे हलवायला सांगा. एकाच मुलाची दोन ठिकाणी नोंद झाली की आहार अडकतो. ओटीपी येणारा मोबाईल नंबर चालू आहे ना, हेही बघा. बंद पडलेलं जुनं सिम ही अगदी नेहमीची अडचण आहे.

जवळपास असं केंद्रच नसेल तर वस्तीतल्या पंधरा-वीस आयांनी मिळून, मुलांची वयं आणि कामाच्या वेळा लिहून, एकच अर्ज द्यावा. एकेकटीच्या अर्जापेक्षा कार्यालयाला तो मांडायला सोपा जातो. उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून "आमच्या प्रकल्पात पाळणाघरं किती मंजूर, किती सुरू, कुठे" एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

मूल ठेवण्याआधी काय बघायचं

दोनदा जा: एकदा उघडायच्या वेळी आणि एकदा बंद व्हायच्या अर्धा तास आधी. दुपारी बारा वाजता सगळीच केंद्रं बरी दिसतात. खरं चित्र संध्याकाळी कळतं: पाळणाघराची सेविका आणि मदतनीस दोघी आहेत की एकच बाई सगळी मुलं सांभाळते आहे? गॅस मुलांच्या खोलीपासून वेगळा आहे का? दाराची कडी मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली तर नाही? झोपायची जागा, पिण्याचं झाकलेलं पाणी, प्रथमोपचाराची पेटी पाहा. पंखा चालू करून बघा. मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद पंख्याच्या खोलीत बाळ झोपवायचं म्हणजे बाळाचे हाल.

मुलाच्या सवयी सेविकेला लिहून द्या. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू बोलतात. पाण्यासाठी "नीळ्ळु" म्हणणारं मूल तेलुगू न समजणाऱ्या बाईसमोर रडत बसतं आणि तिला वाटतं आईची आठवण येतेय. पाणी, भूक, शी-शू, झोप यांचे मुलाचे चार शब्द मराठीतून अर्थासह द्या. पहिल्या दिवशीच पूर्ण वेळ ठेवू नका. आधी आईसोबत तासभर, मग आईशिवाय दोन तास, मग जेवणापर्यंत असं करत आठवडाभरात पूर्ण वेळेवर या. म्हणजे कामावर रुजू होण्याच्या तारखेआधी किमान आठ दिवस हातात हवेत. ताप किंवा जुलाब असलेलं मूल पाठवायचं नाही. त्या दिवसाची सोय घरीच करावी लागते.

प्रसूती रजा आणि सहा महिन्यांची अट

पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची आहे आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. आधीचे आठही घेतले तर कामावर परतताना बाळ १८ आठवड्यांचं, म्हणजे चार महिन्यांचं असतं आणि पाळणाघर सहा महिन्यांखाली घेत नाही. मधले दोन महिने लोंबकळतात. तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर आधीची रजा कमी घ्या, नंतरची वाढते.

कारखान्याची जबाबदारी

५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते. इथे मालक लोक "आमच्याकडे बायका दहाच" असं सांगून मोकळे होतात. ते चूक आहे: मोजणीत पुरुष कामगारही येतात. पाळणाघर असलं की आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं, जेवणाची सुट्टी त्यातच धरून. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी याचं मोल मोठं आहे, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध फ्रिजशिवाय टिकवणं जोखमीचं. विडी-तंबाखूचं काम करणाऱ्या आईने पाजण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत आणि वरची साडी किंवा ओढणी बदलावी.

प्रत्येक कारखान्याने स्वतःची खोली बांधलीच पाहिजे असं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सरकारचं, महापालिकेचं किंवा संस्थेचं पाळणाघर वापरायची, किंवा अनेक आस्थापनांनी मिळून एक चालवायची मुभा आहे. एमआयडीसीतल्या शेजारशेजारच्या शेडना हा मार्ग परवडणारा आहे. व्यवस्थापनाला पत्र देताना संहितेतली ही मुभा दाखवून "चार कारखाने मिळून" अशीच मागणी करा, तोंडी नको. पत्रावर किती कामगार, किती मुलं, कोणत्या वयाची हे लिहा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर तीच पोच जोडून सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. एकट्या बाईच्या सहीपेक्षा पाच-सहा जणींच्या सह्या असलेल्या, किंवा युनियनच्या लेटरहेडवरच्या तक्रारीची दखल लवकर घेतली जाते.