क्यूची लेदर टिप घरी कशी बसवायची

क्यूच्या, म्हणजे पूल-स्नूकर खेळायच्या काठीच्या, टोकावरची लेदरची टिप बदलणं वाटतं तेवढं अवघड काम नाही, पण बहुतेक जण सगळा भरवसा ग्लूवर टाकतात आणि टिप जिथे चिकटणार ती जागा नीट बघतच नाहीत, मग चार गेम झाले की टिप सुटते आणि शिव्या ग्लूला. खरं काम ग्लूची ट्यूब उघडायच्या आधीच होतं, तेव्हा घाई करू नका.

आधी टिप निवडा. पूल क्यूचं टोक साधारण १२ ते १३ मिमी असतं, स्नूकरचं ९ ते १० च्या आसपास. टिप टोकापेक्षा जराशी मोठी घ्यायची, म्हणजे १३ ला १४ ची, कारण कडेचं जास्तीचं लेदर नंतर कापताच येतं पण लहान पडली तर काहीच इलाज नाही. सॉफ्ट टिप चॉक (पकडीसाठी टिपवर घासायचा खडू) छान धरते पण लवकर दबते आणि कडेने फुगते, हार्ड टिप आकार टिकवते पण चॉक लावायला जरा विसरलात की मिसक्यू, म्हणजे फटक्यात टिप बॉलवरून घसरते. पहिल्यांदा बसवताय तर सरळ मीडियम घ्या.

आता जुनी टिप काढा. टिपच्या खालचं कडं (पूल क्यूवर बहुधा पांढरं) म्हणजे फेरूल, त्याला आधी मास्किंग टेप गुंडाळा. धारदार ब्लेडने टिपचे पातळ पातळ काप काढत खाली या, एकदम उचकटायला जाऊ नका, फेरूलचा टवका उडू शकतो. शेवटी लेदरचा पातळ थर आणि वाळलेला ग्लू राहील, तो १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा.

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला चिकटवा, क्यू अगदी काटकोनात धरा आणि हलक्या हाताने घासा, मधेमधे क्यू थोडी फिरवत राहा म्हणजे एका बाजूला उतार येणार नाही. मग टोकावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. पट्टीखालून कुठेही फट दिसली, विशेषतः कडांना, म्हणजे टोक गोलसर झालंय, अजून घासा. पण फेरूल उगाच कमी करू नका, ती परत वाढत नाही. टिपची खालची बाजूसुद्धा तशीच घासून सपाट आणि खरखरीत करा, मग दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून पूर्ण सुकू द्या आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका.

ग्लू म्हणून जेलवाला सुपरग्लू घ्या. पाण्यासारखा पातळ असतो तो लेदरमध्ये शोषला जातो आणि टिप खालून दगडासारखी कडक होते, शिवाय जेलमुळे टिप मधोमध सरकवायला दोन-चार सेकंद मिळतात. एक थेंब पुरतो, तो पातळ पसरवा, टिप ठेवा, सगळीकडून कड सारखी बाहेर येतेय ना बघा आणि क्यू उलटी करून टिप जमिनीवर टेकवून मिनिटभर सरळ दाबून धरा. खाली जाड पुठ्ठा ठेवा. बाहेर आलेला ग्लू लगेच पुसा, आणि जमलं तर क्यू रात्रभर तशीच सोडा.

सुकल्यावर क्यू उलटी धरून टिप कटिंग बोर्डवर टेकवा आणि ब्लेड फेरूलकडून टिपच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, चालवत कडेचं लेदर थोडं थोडं काढा. ब्लेड नवीनच हवं, बोथट असेल तर लेदर फाटतं. बोटं ब्लेडच्या वाटेत येऊ देऊ नका. मग ४०० नंबरच्या पेपरने कड फेरूलशी एकसारखी करा. त्यानंतर कड किंचित ओली करून लेदरच्या तुकड्याने जोरात घासा, घर्षणाने गरम होऊन ती गुळगुळीत, चकचकीत आणि घट्ट होते. ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि नेमकी त्यांचीच टिप आठवड्याभरात छत्रीसारखी पसरते.

आता वरचा भाग घुमटासारखा गोल करा. टिप शेपर असेल तर उत्तम, नसेल तर पॉलिश पेपर तळहातात खोलगट धरून क्यू फिरवा. गोलाई सगळीकडून सारखी हवी, नाहीतर साइड मारताना, म्हणजे बॉलला मधोमध न मारता बाजूला मारताना, चॉक लावूनही टिप घसरते. शेवटी वरचा पृष्ठभाग जरा खरखरीत करा, गुळगुळीत लेदरवर चॉक टिकत नाही. कातडी टिपचं श्रेय १९ व्या शतकाच्या सुरुवातीचे फ्रेंच खेळाडू मँगो यांना देतात, आणि बॉलला आज जो स्पिन देता येतो तो लेदर आणि चॉकच्या या पकडीमुळेच.

नवी टिप पहिल्या काही गेममध्ये दबते आणि कड थोडी बाहेर येते, तेव्हा ती परत कापून, ओली करून घासून घ्या. पुढे कडेची उंची दीड मिमीच्या आसपास उरली की नवी टिप आणा, कारण त्यानंतर फटका थेट फेरूलला बसायला लागतो आणि तिला तडा जातो.