सहयोगी पद्धतीने घटस्फोट कसा घ्यावा
नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात एकमेकांविरुद्ध अर्ज करण्याआधी पती-पत्नी दोघांनी आपापला स्वतंत्र वकील नेमून न्यायालयाबाहेर बोलणी करून सहमती साधावी (हीच सहयोगी पद्धत) आणि बोलणी फिसकटल्यास हे वकील पुढे खटला चालवणार नाहीत, असा लेखी करार चौघांनी करावा. माझ्या मते या पद्धतीचे सारे बळ याच अटीत आहे. उत्पन्न, कर्जे व स्त्रीधन यांची कागदपत्रे उघडपणे मांडावीत. मुलांच्या बाबतीत मात्र घाई नको. ताबा आणि शिक्षणखर्चच नव्हे, तर सुट्ट्या, सण, आजी-आजोबांकडचे दिवसही लिहून ठरवावेत. घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे अंतिम आदेश, मात्र न्यायालयच देते: हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार किमान वर्षभर वेगळे राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो, आणि त्यानंतरची ६ महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.