तांब्याची कॉइल गुंडाळताना नळी चिमटू नये म्हणून

तांब्याची नळी नुसत्या हातानं गोल करायला घेतली की पहिला अर्धा वेढा छान जातो. मग एकदम अंगठ्याखाली काहीतरी खचल्यासारखं वाटतं आणि आतल्या अंगाला घडी पडलेली दिसते. वाकताना नळीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. पोकळ नळीला आतून आधार नसतो, म्हणून ती आधी अंड्यासारखी लंबगोल होते. जिथं ती चपटी झाली तिथं तिची ताकद कमी, त्यामुळे पुढचा सगळा वाक त्याच जागी गोळा होतो आणि आतली भिंत दुमडते. नळी आतून ठासून भरलेली असेल तर तिला चपटं व्हायला वावच उरत नाही. म्हणून या कामात निम्म्याहून जास्त वेळ भरण्यावर द्यायचा. गुंडाळणं दहा मिनिटांचं काम आहे.

गवती चहाचं तेल काढायचा छोटा संच असो की वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा गार करायची कॉइल, साधारण ३/८ इंची नळी लागते. दुधासाठी मात्र तांबं वापरू नका. तांब्याच्या अंशानं दुधातली चरबी लवकर खवट होते. तिथं स्टीलच पाहिजे.

आता मापं. फॉर्मर म्हणजे नळी ज्याच्याभोवती गुंडाळायची तो साचा, त्यासाठी ४ इंची जीआय पाईपचा तुकडा घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ११४ मिमी असतो. नळीचा बाहेरचा व्यास ९.५ मिमी धरला तर वेढ्याचा मधला व्यास १२३.५ मिमी, म्हणजे एका वेढ्याला सुमारे ३९० मिमी नळी जाते. दहा वेढ्यांना ३.९ मीटर, दोन्ही टोकांना ३००-३०० मिमीच्या सरळ शेपट्या आणि थोडं कापायला, अशी पावणेपाच मीटर नळी घ्या. फ्रिजच्या स्पेअरच्या दुकानात मऊ नळीचं वेटोळं मिळतं. २२ गेजची मागा (गेज म्हणजे भिंतीच्या जाडीचं माप, आकडा वाढला की भिंत पातळ). दुकानदार वजनावर देत असेल तर तिथंच तपासता येतं: २२ गेजची पावणेपाच मीटर नळी साधारण ८३० ग्रॅम भरते, २४ गेजची साडेसहाशे-पावणेसातशेच. २४ गेज स्वस्त पडते खरी, पण पातळ भिंत फार लवकर दुमडते.

वेटोळं उघडताना स्प्रिंगसारखं बाजूला ओढू नका, नळीला पीळ बसतो. टोक फरशीवर पायाखाली धरायचं आणि वेटोळं चाकासारखं पुढं लोटत न्यायचं. नवीन मऊ नळी तापवायची गरज नाही. जुनी, एकदा वाकवून सरळ केलेली किंवा सरळ बारमध्ये मिळणारी कडक नळी मात्र तापवून मऊ करावीच लागते, कारण तांबं प्रत्येक वाकवणीला कडक होत जातं. सावलीत बसून बर्नरनं तापवा. उन्हात लाली दिसत नाही आणि हमखास जास्त तापतं. मंद लाल रंग दिसला की पुढं सरका. पाण्यात बुडवून गार केलं तरी चालतं, तांबं पोलादासारखं पाणी पिऊन कडक होत नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात घालायचा मोह टाळा. फार तापलेल्या तांब्याचा कण मोठा होतो आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत निघतो.

भरायला बारीक, कोरडी वाळू. बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्र्यांमुळे धुतलेली बारीक सिलिका वाळू मिळणं अवघड नाही, पण कोणती घेताय ते नीट विचारा. साच्याची वापरलेली काळी वाळू नको. तिच्यात माती आणि कोळशाची भुकटी असते, ती नळीत गच्च बसते आणि नंतर निघता निघत नाही. शेल मोल्डिंगची, म्हणजे तापवून घट्ट होणाऱ्या साच्यांसाठीची रेझिन चढवलेली वाळू तर अजिबात नको: नळीला चुकून जरी आच लागली तरी ती आत दगडासारखी घट्ट होते आणि कॉइल भंगारात जाते. नदीची वाळूही चालते, मैद्याच्या चाळणीतून गाळून घेतली की झालं.

वाळू लोखंडी कढईत भाजून घ्या. खानापूर-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात ‘कोरडी आहे’ असं नुसतं हाताला वाटून उपयोग नाही. कढईवर स्टीलची गार ताटली धरा. ताटलीच्या पोटाला दव धरायचं थांबलं की वाळू कोरडी. कोमट होईपर्यंत थांबा आणि मग भरा. दमट वाळूचे गोळे होतात, गोळ्यांमध्ये पोकळी राहते आणि नळी नेमकी तिथं बसते. भरलेल्या नळीला आच तर कधीच देऊ नका. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन टोकाची खुंटी गोळीसारखी उडते. तापवायचं ते आधी, रिकामी असताना.

नळी गच्चीच्या कठड्याला किंवा जिन्याला उभी बांधा. खालच्या टोकात सागवानी खुंटी ठोका. वरून नरसाळ्यानं वाळू सोडत राहा आणि दुसऱ्या माणसानं लाकडी हातोडीनं खालून वर, वरून खाली सतत टकटक करत राहावं. वाळू आधी मापून ठेवा. या नळीत जवळजवळ २४५ मिली मावते, वजनात साडेतीनशे ग्रॅमच्या वर. दोनशे मिलीतच नळी भरली असं वाटलं तर मध्ये कुठंतरी वाळू अडकली आहे. अशा वेळी नळीवर ठोकत खाली या: भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी खणखणीत. वरची पातळी बसायची पूर्ण थांबली की दुसरी खुंटी ठोका. ही खुंटी वाळूवर दाबून बसली पाहिजे, वर बोटभर मोकळी जागा राहिली तर पहिल्या वेढ्यातच वाळू सैल होते.

फॉर्मर शिकंजात (व्हाइसमध्ये) पक्का धरा, किंवा लेथच्या चकात पकडून चक हातानं फिरवा. लेथ चालू करू नका. नळीची ३०० मिमी शेपूट सोडून टोक क्लॅम्पनं फॉर्मरला बांधा. एकानं फॉर्मर सावकाश फिरवायचा, दुसऱ्यानं नळी खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात धरून मागं ताण देत राहायचं. ठोकळा फॉर्मरला लागूनच हवा, अगदी दोन बोटांवर. हात लांब गेला की नळी फॉर्मरला टेकायच्या आधीच हवेत वाकते आणि तो वाक ताब्यात राहत नाही. ताण शेवटपर्यंत सारखा ठेवा. झटका देऊ नका. एखादा वेढा चुकला तर उलटा फिरवून सरळ करण्याच्या फंदात पडू नका, तेवढी जागा कडक होते आणि दुसऱ्या खेपेला तिथंच मोडते. वेढ्यांमध्ये अंतर हवं असेल तर सोबत ६ मिमी नायलॉनची दोरी गुंडाळत चला, फट सगळीकडे सारखी येते.

सोडल्यावर कॉइल थोडी उसळते आणि व्यास किंचित वाढतो. तीच गोष्ट तिला फॉर्मरवरून काढायला कामी येते. माप काटेकोर हवं असेल तर फॉर्मर जरा लहान घ्यावा. शेपट्यांना काटकोन द्यायचा तर वाळू असतानाच द्या, नाहीतर बाहेरून स्प्रिंग बेंडर, म्हणजे नळीवर घट्ट बसणारी वाकवायची स्प्रिंग, चढवा.

खुंट्या काढा, कॉइल आडवी धरून चाकासारखी फिरवा आणि ठोकत राहा, वाळू वेढा वेढा करत बाहेर येते. मग हवा मारा, मग पाणी. फ्रिज किंवा एसीच्या कामाला ही पद्धत वापरू नका, एक कण राहिला तरी कॅपिलरी, म्हणजे त्यातली केसासारखी बारीक नळी, तुंबते. तिथं बेंडर किंवा स्प्रिंगच बरी.

शेवटी सायकलच्या मागच्या चाकातली पाव इंची छर्ऱ्याची गोळी आत टाका आणि कॉइल पुन्हा तशीच फिरवा. नळीचं आतलं माप ८.१ मिमी, गोळी ६.३५ मिमी. प्रत्येक फेऱ्याला गोळी एक वेढा पुढं सरकते आणि तिची घरघर ऐकू येते. जिथं घरघर थांबते तो वेढा चपटा झालाय, तिथं खडूनं खूण करा. नुसतंच चपटं असेल आणि घडी नसेल तर काम भागतं, प्रवाह थोडा कमी होईल इतकंच. घडी पडली असेल तर तो तुकडा कापून जोड ब्रेझ करा (वितळलेल्या धातूनं सांधा). घडी चिमट्यानं दाबून गोल केलेली नळी वरून चांगली दिसते, पण कॉम्प्रेसरसारख्या थरथरणाऱ्या यंत्रावर काही दिवसांत त्याच रेषेवर चिरते.