आत्याला ‘विमान कसं होतं?’ असं विचारू नका

माझी आत्या 1956 साली नागपूरहून मुंबईला विमानानं गेली, तेही मध्यरात्री. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक होतं ते एवढंच. मी पहिल्यांदा वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं, “आत्या, विमान कसं होतं गं?” ती म्हणाली, “छान होतं.” आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली.

दोष माझ्या प्रश्नाचा होता. ‘कसं होतं’ विचारलं की माणूस निकाल देऊन मोकळा होतो. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत मी आत्या, एक मामा आणि आमच्या गल्लीतले आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेतून, निवृत्त झालेले काका, अशा तिघांकडून पंख्यांच्या विमानांच्या आठवणी काढून घेतल्या. त्यात काय चुकलं आणि काय जमलं ते लिहिते. तुमच्या घरी डाकोटा, व्हायकाउंट, फोकर नाहीतर ॲव्रोत बसलेलं कोणी असेल तर पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. डाकोटात तरुणपणी बसलेली माणसं आज नव्वदीला टेकली आहेत.

सुरुवात कानापासून करा. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखायची सोय नव्हती. आठ-नऊ हजार फुटांवर बाहेर जी विरळ हवा, तीच आत. उतरताना कानांत दडे बसायचे, म्हणून चोखायला गोळ्या आणि कानात घालायला कापूस द्यायचे. मी दुसऱ्या खेपेला विचारलं, “कान दुखले का गं?” तर तिनं वाटाण्यांची परात बाजूला सारली. “दुखले? अगं, सांताक्रूझला उतरल्यावर दोन दिवस हे काय बोलतात तेच ऐकू येईना. नवीन लग्न, अन् मी आपली प्रत्येक गोष्टीला हो म्हणून राहिली!”

कानानंतर नाक. कसला वास होता, हे विचाराच. आत्याच्या विमानात पेट्रोलचा, ओल्या गोणपाटाचा आणि कोणाच्या तरी ओकारीचा वास होता. ती सोबत संत्री घेऊन निघाली होती. मळमळायला लागलं की सालीला नख लावायचं आणि हुंगायचं, असं करत ती मुंबईला पोचली. ‘छान होतं’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून हे सगळं एका प्रश्नानं बाहेर आलं. पुढे पाय (गार पडले होते, तिनं शाल पायांना गुंडाळली), पोट, मग हात. हातांनी काय धरलं होतं, हा प्रश्न भित्र्या माणसाला जरूर विचारा. शूर माणसाला विचारलात तरी चालेल, उत्तर तेच येतं.

आता विमान कोणतं ते ओळखायचं. नाव विचारू नका, निम्मे लोक सगळ्याच जुन्या विमानांना डाकोटा म्हणतात. त्याऐवजी विचारा: आत शिरल्यावर जागेपर्यंत चढ होता का? डाकोटाला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक लहानसं. जमिनीवर ते नाक वर करून, कुत्रं बसावं तसं बसतं. दार मागच्या बाजूला. त्यामुळे आत शिरायचं आणि वर चढत जायचं. आत्यानं हाताची पाची बोटं तिरकी करून तो चढ मला दाखवला. नवी साडी, एका हातात संत्र्यांची पिशवी, आणि दुसऱ्या हातानं खुर्च्यांच्या पाठी धरत वर. विषय तिथेच मिटला. दोन इंजिनं, तीन-तीन पात्यांचे पंखे आणि आत चढ म्हणजे डाकोटा, म्हणजेच डीसी-3. हे विमान पहिल्यांदा उडालं 17 डिसेंबर 1935 ला. युद्ध संपल्यावर सैन्याची शेकडो डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली, तीच घेऊन आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या आणि 1953 मध्ये सरकारनं त्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन काढलं.

चढ नव्हता, जमीन सपाट होती आणि इंजिनं चार होती असं उत्तर आलं, तर दोन शक्यता. आवाज जाडाभरडा, छातीत घुमणारा असेल तर स्कायमास्टर. आवाज बारीक, शिट्टीसारखा आणि खिडक्या मोठाल्या लंबगोल असतील तर व्हायकाउंट. व्हायकाउंटच्या खिडकीबद्दल माणसं आपण होऊन बोलतात, इतकी ती मोठी होती.

इंजिनं दोन आणि आवाज शिट्टीचा असेल तर पंख कुठे होता ते विचारा. डोक्यावर असेल तर फोकर फ्रेंडशिप. खिडकीतून खालचं सगळं रान दिसायचं आणि उतरताना इंजिनाच्या पोटातून चाकाचा लांब पाय बाहेर येताना दिसायचा. पंख खिडकीच्या खाली आणि त्यावर इंजिन चढवून बसवलेलं असेल तर ॲव्रो. आपल्याकडची ॲव्रो विमानं हिंदुस्तान एअरोनॉटिक्सनं कानपुरात बांधली. तिथलं पहिलं ॲव्रो 1961 च्या नोव्हेंबरात उडालं. व्हायकाउंट, फोकर आणि ॲव्रो या तिघांनाही रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन होतं, म्हणून नुसत्या आवाजावरून त्यांच्यात फरक करायला जाऊ नका. फसाल.

नागपूरच्या माणसाला आणखी एक प्रश्न हवाच: मध्यरात्री कशाला? 1949 मध्ये रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं, आणि मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, जमायची. थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. नागपूर देशाच्या मधोमध, एवढंच आमचं कर्तृत्व. थैल्यांबरोबर प्रवासीही घेत. मुंबईहून कलकत्त्याला निघालेला माणूस डोळे चोळत सोनेगावला उतरायचा आणि दुसऱ्या विमानात चढायचा. आरएमएसचे काका साठच्या दशकात तिथे रात्रपाळीला होते. त्यांना विमानांपेक्षा थैल्यांचंच जास्त आठवतं. चारांतलं एक विमान उशिरा आलं की बाकीची तिन्ही खोळंबायची, आणि तेवढ्या वेळात सोनेगावच्या थंडीत दिल्लीचा, मद्रासचा आणि बंगालचा माणूस एकाच चहावाल्यासमोर उभा असायचा. “अर्धा भारत तिथं चहा प्यायचा बापा,” असं ते म्हणतात. अशी माणसं विमानात कधीच बसलेली नसतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी जात नाही. तुम्ही जा. ओल्या गोणपाटाचा वास कुठून आला, हे मला काकांशी बोलल्यावर कळलं. टपालाच्या थैल्या पावसात भिजलेल्या असणार.

तारीख ठरवताना कॅलेंडर काढू नका. आत्याला ‘छप्पन साल’ एवढंच आठवत होतं. मी विचारलं, निघालीस तेव्हा गावात काय चाललं होतं? ती म्हणाली, रस्त्यानं पांढऱ्या कपड्यांतली माणसं परत चालली होती, स्टेशनकडे, हजारोंनी. म्हणजे बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबरला दिलेल्या दीक्षेनंतरचे दिवस. विमानात शेजारचे दोन सरकारी बाबू ‘आता भोपाळात घर मिळेल का’ यावर बोलत होते. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती ती 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत, एक नोव्हेंबरपासून आम्ही मुंबई राज्यात. झालं, पंधरा-सतरा दिवसांत प्रवास पकडला. तुमच्या गावाचा असाच काहीतरी खुंटा असेल: पानशेतचा पूर, गोवामुक्ती, संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा.

तिकीट सापडलंच, तर आधी पैशाचा रकाना बघा. भाडं रुपये-आण्यांत असेल तर ते बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीचं. नये पैसे असतील तर नक्कीच नंतरचं. सामानाचं वजन पौंडांत लिहिलेलं असेल तर तोही एक पुरावा. जुनी तिकिटं हातानं लिहिलेली, कार्बन ठेवून काढलेली असतात, ती पुसट होत जातात. मिळाल्या दिवशीच फोटो काढा. अल्बममधले फोटो काळ्या पानावरून उचकटू नका, पानासकट स्कॅन करा. विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’नं सुरू होणारी नोंदणीची अक्षरं दिसली तर ती वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं उतरवून ठेवा, त्यावरून त्या नेमक्या विमानाचा माग काढता येतो.

आता माझी मोठी चूक. मामा 1958 मध्ये मुंबईहून दिल्लीला गेला होता. तो सांगायला लागला, “आम्ही जेटनं गेलो.” मी लगेच म्हटलं, मामा, शक्य नाही, इंडियन एअरलाइन्सचं पहिलं जेट कॅराव्हेल, ते 1964 ला आलं. मामा गप्प झाला. चहा आला, चहा प्यायला, क्रिकेटवर बोलला. पुढच्या दोन भेटींत त्यानं विमानाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या वेळी मी काहीच न विचारता त्याच्यासाठी संत्राबर्फी घेऊन गेले. तेव्हा तो आपणच म्हणाला, “जेट नसेल तुझं, पण मी समोरच्या टेबलावर पावली उभी ठेवली होती, ती पडली नाही.”

उभं नाणं ही व्हायकाउंटची खासियत! 1957 पासून इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट होती. तिच्या इंजिनात धडधडणारे दट्टे नसून गरगर फिरणारं टर्बाइन होतं आणि त्यावर पंखा चालायचा. थरथर इतकी कमी, की नाणं काठावर उभं राहायचं. मग कानाला जे जेटसारखं लागलं त्याला मामानं जेट म्हटलं, त्यात त्याचं काय चुकलं? तेव्हापासून माझ्या वहीला दोन रकाने आहेत. डावीकडे माणूस म्हणतो ते, त्याच्याच शब्दांत. उजवीकडे माझं: ‘बहुधा व्हायकाउंट’. उजवा रकाना मी कोणाला दाखवत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. फोन टेबलावर नुसता ठेवू नका, खाली घडी केलेला नॅपकिन ठेवा. छताचा पंखा बंद करा. म्हणूनच मी हे काम हिवाळ्यात करते, मे महिन्यात नागपुरात पंखा बंद करायला सांगितलं तर नव्वदीची आत्यादेखील उठून मारेल. एका बैठकीला पाऊण तास पुरे.

आठवण अडली की आवाज ऐकवा. ‘परशुराम’ नावाचं एक डाकोटा आपल्या हवाई दलाकडे अजून उडतं. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून ते 2018 मध्ये भारतात आणलं. शेपटीवर व्हीपी 905 हा क्रमांक आहे, 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाचा. 2021 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ते उडालं होतं. त्याची चित्रफीत शोधा, पण आकाशातली नको, इंजिन सुरू होतानाची बघा. या इंजिनात चौदा सिलिंडर पंख्यामागे गोलाकार बसवलेले असतात. उभं असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं, म्हणून सुरू होताना खोकल्यासारखे दोन-तीन आवाज येतात, निळसर-पांढऱ्या धुराचा लोट निघतो, आणि मग एकदम लय लागते. चित्र न दाखवता आधी नुसता आवाज ऐकवा.

आत्यानं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, “यानंतर आग दिसते.” मला कळेना. रात्री इंजिनाच्या धुराड्यातून निघणारी ज्वाळा अंधारात स्पष्ट दिसायची, आधी नारिंगी, पुढे निळी. उजेडात ती कोणाच्या ध्यानातही येत नसे. आत्याची खिडकी पंखाच्या जरा मागे होती. “मला वाटलं, पेटून राहिलं विमान. यांना उठवलं, तर हे म्हणतात झोप. मी मुंबई येईपर्यंत रामरक्षा म्हणत बसली.” ही आग तिनं सत्तर वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, कारण नवरा हसेल ही भीती. फुफाजी जाऊन वीस वर्षं झाली.

लिहून काढताना बोली साफ करू नका. ‘म्हणून राहिली’चं ‘म्हणत होते’ केलंत की तुमची आत्या वर्तमानपत्रातली बाई होते. आणि लिहून झालं की तिला मोठ्यानं वाचून दाखवा, हे टाळू नका. वर मी रामरक्षा लिहिलंय ना? मी वाचून दाखवलं तेव्हा आत्यानं तिथेच थांबवलं. “रामरक्षा मला तेव्हा कुठं पाठ होती? भीमरूपी म्हटली मी. अन् तीही अर्धीच, पुढची आठवेना. तेवढीच म्हटली पुन्हा पुन्हा. बदल ते.”